यूएक्स डिझाइनची पदवी-अप्रेंटिसशिप: चार दिवस कंपनी, दोन दिवस कॉलेज. कामाची घडी कशी बसवायची?

पाटी_पेन्सिल (प्रश्न)

नमस्कार. मी यूएक्स डिझाइनच्या (ॲप वापरणाऱ्याला सोपं जावं अशी आखणी) पदवीच्या शेवटच्या वर्षाला आहे. या वर्षी अभ्यासक्रमातच अप्रेंटिसशिप धरलीय. सोमवार ते गुरुवार कंपनीत, शुक्रवार-शनिवार कॉलेजात. कंपनी कोल्हापुरातलीच, पस्तीस-चाळीस माणसांची, सॉफ्टवेअर बनवणारी. त्यांची दोन उत्पादनं माझ्याकडे येणार आहेत. एक म्हणजे फाउंड्रीत (ओतकामाच्या कारखान्यात) रिजेक्शनची, म्हणजे बाद झालेल्या मालाची, नोंद करायचं टॅबवरचं ॲप. शिरोली आणि गोकुळ शिरगाव एमआयडीसीतले कारखाने ते वापरतात. दुसरं गावातल्या दूध संस्थांसाठी संकलनाचं ॲप, साध्या मोबाइलवर चालणारं.

अडचण अशी की कंपनीत डिझायनर कुणीच नाही. आठ-दहा डेव्हलपर, सपोर्टचा एक मुलगा आणि साहेब. "फिग्मात स्क्रीन काढून द्यायच्या" एवढंच काम म्हणून सांगितलंय (फिग्मा म्हणजे स्क्रीन आखायचं सॉफ्टवेअर). कॉलेजच्या नोंदवहीत मात्र युजर रिसर्च, टेस्टिंग, ॲक्सेसिबिलिटी (सगळ्यांना वापरता येणं) असे रकाने आहेत आणि ते भरल्याशिवाय क्रेडिट मिळत नाहीत.

करारावर सही करण्याआधी काय तपासू? इंटरनेटवर वाचलं तर पगार मिळतो, फी भरावी लागत नाही असं दिसतं, इथे तसं कुणी बोलत नाही. रिसर्चला वेगळा वेळ आणि पैसा मिळणार नाही, मग तो रोजच्या कामात कसा बसवायचा? मराठी स्क्रीनवर अक्षरांचे वरचे-खालचे भाग कापले जातात, तो दोष डिझाइनचा की कोडचा? आणि कंपनीचं काम पोर्टफोलिओत दाखवता येतं का?

उद्यमनगर_कट्टा

आधी कागदपत्रांचं बघू, कारण तिथे चूक झाली तर वर्षभर राबूनही हातात अप्रेंटिसशिपचा दाखला येत नाही.

तुम्ही वाचलंय ते इंग्लंडचं. तिथे पदवी-अप्रेंटिसशिप २०१५ पासून सुरू झाली आणि यूएक्स या विषयालाही पदवीच्या पातळीची वेगळी अप्रेंटिसशिप आहे. तिथला अप्रेंटिस कंपनीचा नोकर असतो, त्याला पगार मिळतो आणि फी कंपनी व सरकार भरतं. आपल्याकडे अप्रेंटिसेस ॲक्ट १९६१ लागू होतो. या कायद्यात अप्रेंटिस हा प्रशिक्षणार्थी, कामगार नव्हे. म्हणून पगाराऐवजी विद्यावेतन मिळतं, पीएफ कापला जात नाही आणि कॉलेजची फी सहसा विद्यार्थ्यालाच भरावी लागते. दोन्हीकडचे नियम एकत्र करून साहेबांशी बोलायला गेलात तर बोलणंच फिस्कटेल.

विद्यावेतनाचा किमान आकडा २०१९ च्या नियमांत पदवीवाल्यांसाठी महिना ९,००० रुपये ठरला. मे २०२५ मध्ये केंद्रीय अप्रेंटिसशिप परिषदेने त्यात ३६ टक्के वाढीची शिफारस केली. सही करायच्या दिवशी सरकारच्या अप्रेंटिसशिप पोर्टलवर जो आकडा लागू असेल तो बघायचा आणि करारात तोच किंवा त्याहून जास्त लिहिलाय ना, हे ताडून घ्यायचं. शिक्षण मंत्रालयाच्या नॅट्स योजनेतून किमान विद्यावेतनाची निम्मी रक्कम सरकार देतं. बऱ्याच छोट्या कंपन्यांना हे ठाऊकच नसतं, म्हणून "परवडत नाही" हे उत्तर येतं. साहेबांना हे सांगा. आणखी एक गोष्ट सांगण्यासारखी आहे: कंत्राटी धरून ३० किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेला मनुष्यबळाच्या २.५ ते १५ टक्के अप्रेंटिस घेणं बंधनकारक आहे. म्हणजे तुम्हाला घेऊन ते तुमच्यावर उपकार करत नाहीयेत. तुमचं बँक खातं आधारशी जोडलेलं आहे ना तेही पाहा, नसेल तर सरकारी हिस्सा अडकतो.

मुख्य कागद म्हणजे पोर्टलवर नोंदलेला करार, त्याच्या क्रमांकासह. नुसतं ऑफर लेटर किंवा लेटरहेडवरचं "इंटर्न म्हणून घेत आहोत" हे पत्र चालत नाही. कराराची नोंद झालेली नसेल तर कायद्याच्या नजरेत तुम्ही अप्रेंटिस नाही. नॅट्सचं प्रावीण्य प्रमाणपत्र आपल्या भागासाठी मुंबईच्या अप्रेंटिसशिप बोर्डाकडून येतं, तेही या नोंदीवरच.

करारात ट्रेडचं किंवा कामाचं नाव काय लिहिलंय ते नीट वाचा. तिथे "ग्राफिक डिझाइन" किंवा "डेटा एंट्री" असं पडलं तर नंतर "मला फाउंड्रीत जाऊन बघायचंय" म्हणायला आधार राहत नाही. सोबत एक पानाचा प्रशिक्षण आराखडा जोडून घ्या. पहिल्या तिमाहीत सध्याच्या ॲपची तपासणी आणि जागेवर निरीक्षण, दुसरीत प्रोटोटाइप (वापरून बघायचा कच्चा नमुना) आणि टेस्टिंग, अशा चार ओळी पुरेत. त्यावर कंपनी आणि कॉलेज दोघांची सही हवी. नोकरीत घेण्याचं बंधन कंपनीवर नसतं, ते त्यांच्या धोरणावर आहे. म्हणून तोंडी आश्वासनाच्या बदल्यात कमी विद्यावेतन मान्य करू नका.

फाउंड्रीत जाणार असाल तर अपघाताचा मुद्दा विचारून ठेवा. अप्रेंटिसला कामावर इजा झाली तर भरपाईची जबाबदारी मालकावर येते, हे कायद्यातच आहे. तरी सेफ्टी शूज, हेल्मेट आणि गॉगल घातल्याशिवाय शॉप फ्लोअरवर पाऊल टाकायचं नाही, ओढणी मोकळी सोडायची नाही, आणि ओतकाम चालू असताना लॅडलच्या (वितळलेला धातू नेणाऱ्या भांड्याच्या) वाटेत उभं राहायचं नाही.

पडद्यामागचा

कागदाचं वर आलंच आहे. मी कामाबद्दल लिहितो.

"स्क्रीन काढून दे" असं सांगणाऱ्या माणसाला "रिसर्च करायचाय" म्हटलं की तो घाबरतो, त्याला महिनाभराचा खर्च दिसतो. तो शब्दच वापरू नको. सपोर्टच्या मुलाजवळ बस आणि गेल्या तीन महिन्यांत आलेले फोन आणि व्हॉट्सॲप मेसेज एका शीटमध्ये घे. तारीख, कुठली संस्था किंवा कारखाना, कुठली स्क्रीन, काय अडलं, सोडवायला किती मिनिटं गेली, एवढे पाच रकाने पुरे. शंभरेक नोंदी झाल्या की त्यांचे गठ्ठे पडतात आणि कुठल्या स्क्रीनवर कंपनीचा किती वेळ जळतोय ते साहेबांना आकड्यात दिसतं. मग "या स्क्रीनसाठी एक दिवस कारखान्यात बसू का?" हा प्रश्न त्यांनाही पटतो.

कारखान्यात गेल्यावर सगळ्यात मोलाची वस्तू म्हणजे कागदी रजिस्टर. ॲप आलं तरी ते कोपऱ्यात जिवंत असतंच. परवानगी घेऊन त्याच्या दोन पानांचे फोटो काढ. छापील रकान्यांत काय लिहिलंय त्यापेक्षा समासात काय लिहिलंय ते बघ. "पॅटर्न बदलला", "वाळू ओली", "अर्धी हीट दुसऱ्या पार्टीची" असल्या नोंदींना ॲपमध्ये जागा नसते, म्हणून माणूस कागदाला धरून राहतो. तुझं नवं डिझाइन त्या समासातूनच येणार.

पाळी बदलताना थांब. आधीची पाळी संपायला अर्धा तास असताना पोहोचायचं आणि पुढची सुरू होऊन अर्धा तास होईपर्यंत बसायचं. रिजेक्शनची नोंद बहुतेक ठिकाणी त्या-त्या वेळी होत नाही. दिवसभर खडूने किंवा चिठ्ठीवर टिपलेलं पाळी सुटताना एकदम भरलं जातं. म्हणजे "एक कास्टिंग (ओतलेला भाग), एक नोंद" अशी स्क्रीन तिथे चालायची नाही. एका हीट नंबरखाली (हीट म्हणजे भट्टीतली एक वितळण) आठ-दहा नोंदी भराभर टाकता येतील असा तक्ता हवा. कारणांची यादी वर्णक्रमाने लावलेला लांब ड्रॉपडाउन असेल तर पहिलंच कारण दाबून मोकळं होण्याकडे कल असतो आणि मालकाच्या रिपोर्टात ब्लो होल (हवेच्या पोकळीचा दोष) फुगलेला दिसतो. वाळू पडणं, श्रिंकेज, कोल्ड शट, मिसरन अशी त्या कारखान्यात नेहमी येणारी सहा कारणं थेट मोठ्या बटणांवर ठेव आणि उरलेली "इतर"च्या मागे.

हातमोज्यांचा प्रश्न वेगळा. टॅबचा पडदा बोटाची विद्युतधारणा ओळखतो, जाड चामड्याच्या हातमोज्यातून ती पोहोचत नाही. बटण कितीही मोठं केलंस तरी उपयोग शून्य. तिथे बघायचं ते हे की नोंद करणारा माणूस मोजे काढून बसतो का, आणि बसतो तर कुठे. नोंद मेजावर होत असेल तर टॅब मेजावर हवा, भट्टीजवळच्या खांबावर नको. मोजे नसले तरी धूळ आणि घाम असतोच. बटणाची उंची अँड्रॉइडच्या शिफारशीप्रमाणे किमान ४८ डीपी (अँड्रॉइडचं पडद्यावरच्या मापाचं एकक), आणि अशा ठिकाणी मी ५६ ते ६४ ठेवायला सांगेन. डब्ल्यूसीएजी २.२ या ॲक्सेसिबिलिटीच्या निकषांत दुसऱ्या (एए) पातळीला २४ बाय २४ पिक्सेल चालतं असं लिहिलंय, पण ती अगदी तळाची रेषा आहे, तिच्यावर फाउंड्रीचं ॲप बेतू नको.

दूध संस्थेत वेगाला महत्त्व. सकाळी सभासद रांगेत उभे असतात आणि एका माणसामागे काही सेकंदच मिळतात. तिथे नाव कुणी शोधत नाही, सभासदाचा कोड नंबर चालतो. म्हणून स्क्रीन उघडताच कर्सर कोडच्या चौकटीत आणि कीपॅड आकड्यांचा. कोड टाकला की नाव मोठ्या अक्षरांत दिसलं पाहिजे, कारण चुकीच्या खात्यावर दूध चढणं ही तिथली सगळ्यात महागाची चूक, दहा दिवसांच्या बिलाला भांडण ठरलेलं. फॅटच्या चौकटीत दशांश चिन्ह टाकायला लावू नको. ६५ टाकलं की ६.५ व्हावं. गाय की म्हैस ते सभासदाच्या नोंदीवरून आधीच निवडलेलं असावं, पण बदलता यावं. गायीला ८ फॅट आलं तर इशारा दे, अडवू नको, कारण काही वेळा नमुनाच बदललेला असतो आणि ते ठरवणारा सचिव असतो, ॲप नव्हे.

आता टेस्टिंग. अर्ध्या तासाचं सत्र पुरतं. सुरुवातीला परवानगी आणि गप्पा सहा-सात मिनिटं, मग चार कामं मिळून अठरा-एकोणीस मिनिटं, शेवटी उरलेल्या वेळात प्रश्न. काम सांगताना बटणावरचा शब्द तोंडातून जाऊ द्यायचा नाही. "दुरुस्ती दाबून नोंद बदला" म्हटलंस तर टेस्ट तिथेच संपली. "काल संध्याकाळचं १२ लिटर चुकून २१ पडलंय, काय कराल?" असं विचार आणि गप्प बस. गप्प बसणं हे या कामातलं सगळ्यात अवघड कौशल्य आहे. माणूस अडला की मनात दहापर्यंत मोज.

आपल्याकडे दोन गोष्टींनी टेस्ट हमखास बिघडते. एक, आपली माणसं भिडस्त. "कसं वाटलं?" विचारलं की "भारी झालंय की!" हेच उत्तर, मग समोरच्याला काही जमलेलं असो वा नसो. म्हणून मत विचारू नको, काम करायला दे आणि कुठे थांबला, मागे कुठे गेला, किती वेळा चुकलं ते टिप. दुसरं, मालक किंवा चेअरमन शेजारी उभे राहतात आणि बोट दाखवतात. त्यांना एक छापील कागद आणि पेन देऊन "तुम्ही मागून फक्त अडखळलेल्या जागा टिपा" असं काम दे. मोठ्याने बोलत विचार करणं लोकांना जमत नसेल तर ओळखीच्या दोघांना एकत्र बसव. ते आपसात बोलतात ते अस्सल असतं.

तिसरी_गल्ली

वरच्या उत्तराला जोड. टेस्टिंगला पाच माणसं पुरतात असं सगळीकडे लिहिलेलं असतं, त्यामागचा हिशोब समजून घ्या. नील्सन आणि लँडॉर या संशोधकांच्या १९९३ च्या मांडणीत एक माणूस सरासरी ३१ टक्के अडचणी उघड करतो असं धरलंय. मग पाच जणांत ८४-८५ टक्के येतात. पण ही पाच माणसं एकाच प्रकारची हवीत. तुमच्याकडे दूध संस्थेचा सचिव आणि फाउंड्रीचा सुपरवायझर असे दोन अगदी वेगळे गट आहेत. दोघांचे मिळून पाच घेतले तर एकाही गटाचं चित्र नीट येणार नाही. प्रत्येक ॲपसाठी वेगळे पाच घ्या. जमलं तर तेही एकदम नकोत: तीन घ्या, दुरुस्त करा, मग दोन. आणि पाच माणसांवरून "८० टक्के वापरकर्त्यांना आवडलं" असं अहवालात चुकूनही लिहू नका. परीक्षक पहिला प्रश्न त्यावरच विचारतो.

एसयूएस ही वापरायला किती सोपं ते मोजणारी प्रश्नावली वापरणार असाल तर तिचा गुण ० ते १०० असला तरी ती टक्केवारी नव्हे. सरासरी ६८ धरतात. विषम विधानांच्या उत्तराच्या आकड्यातून (१ ते ५) १ वजा, सम विधानांचा आकडा ५ मधून वजा, बेरजेला २.५ ने गुणायचं. तिच्यातली सम विधानं नकारार्थी आहेत, मराठीत वाचताना लोक उलटं उत्तर देतात. विधान मोठ्याने वाचून दाखवा आणि "म्हणजे तुम्हाला हे अवघड वाटलं, बरोबर?" एवढी खात्री करून घ्या.

पाटी_पेन्सिल

सगळ्यांचे आभार. रजिस्टरच्या समासाचं डोक्यात पक्कं बसलं. मराठी अक्षरांबद्दल कुणी सांगेल का? डेव्हलपर म्हणतात फॉन्ट बदला, फॉन्ट बदलला तरी तेच होतंय.

काना_मात्रा

फॉन्टचा दोष फार थोडा, उंचीचा जास्त. इंग्रजी अक्षर जेवढ्या उभ्या जागेत बसतं तेवढ्यात देवनागरी बसत नाही. वर रफार, वेलांटी, अनुस्वार आणि खाली उकार, जोडाक्षराचा पाय. बटणाला किंवा ओळीला ठरावीक उंची बांधून टाकली असेल तर कुठलाही फॉन्ट लावा, कापलाच जाणार. डेव्हलपरना सांगायचं: उंची बांधू नका, किमान उंची द्या आणि वर-खाली पॅडिंग (मोकळी जागा) ठेवा. ओळीची उंची अक्षराच्या दीडपट ते १.६ पट. इंग्रजीला १४ पिक्सेल वाचता येत असेल तर मराठीला १६-१७ लागतात, कारण मात्रा धरून अक्षराचा मधला भाग लहान पडतो. नोटो सान्स देवनागरी किंवा मुक्ता, दोन्ही मोफत आहेत आणि पडद्यावर नीट दिसतात.

फिग्मात "लोरेम इप्सम" या निरर्थक भरतीच्या मजकुराऐवजी त्रास देणारे शब्द भरून ठेव: विद्यार्थ्यांची, ज्येष्ठ, उत्कृष्ट, दुरुस्ती, कृष्णाबाई, मूर्तिजापूर. हे नीट बसले तर बाकीचं बसतं. अक्षरांमधलं अंतर शून्यावरच ठेव. इंग्रजी मथळ्यांना थोडं अंतर देतात, तीच सेटिंग मराठीला लागली की शिरोरेखा तुटते आणि शब्द दात पडल्यासारखा दिसतो. तिरपं अक्षरही टाळ, बहुतेक देवनागरी फॉन्टांत खरी तिरपी वळणं नसतात, सॉफ्टवेअर अक्षर नुसतं वाकवतं.

पानाची भाषा "हिंदी" अशी नोंदली गेली असेल तर ल आणि श हिंदी वळणाचे येऊ शकतात. भाषेचा कोड मराठीचा, म्हणजे एमआर, दिला आणि फॉन्टात सोय असली तर मराठी वळण मिळतं. रफार आणि ऱ यांचीही परीक्षा घे. "आचाऱ्यांना" आणि "आचार्यांना" हे दोन्ही शब्द स्क्रीनवर टाकून बघ. पहिला स्वयंपाक्यांचा, दुसरा गुरुजनांचा. दोन्ही सारखे दिसले तर काहीतरी चुकलंय.

शोधाची चौकट हा लपलेला खड्डा. ॲ हे अक्षर दोन प्रकारे टाइप होतं: एक सुटं ॲ, दुसरं अ वर चंद्र देऊन केलेलं. डोळ्याला सारखंच, संगणकाला वेगळं. "ॲडव्हान्स" शोधला आणि सापडला नाही अशी तक्रार आली की कारण बहुधा हेच. नेहमीच्या युनिकोड सामान्यीकरणाने (एकाच अक्षराची वेगळी लेखनरूपं एक करण्याच्या पद्धतीने) हे दोन एक होत नाहीत, डेव्हलपरला हाताने नियम लिहावा लागतो. ऱ्य चंही तसंच, जुन्या पद्धतीत तो अदृश्य जोडचिन्ह घालून लिहायचे.

आकडे कुठले, यावर वाद होईल. माझं मत: जिथे माणूस यंत्रावरून बघून आकडा टाकतो तिथे इंग्रजी आकडे. काट्यावर आणि फॅट मशिनवर तेच असतात, डोळ्याने ताडून बघायला सोपं जातं. वाक्यात, सूचनेत, पत्रकात मराठी आकडे. चौकटीने मात्र दोन्ही स्वीकारले पाहिजेत. जावास्क्रिप्टमध्ये मराठी-भारत लोकेल (भाषा-प्रदेशाची सेटिंग) दिलं की आकडे आपोआप देवनागरी येतात. कुणी न सांगता निम्म्या स्क्रीनवर एक आणि निम्म्यावर दुसरे आकडे दिसायला लागतात ते त्यामुळे.

पावतीचा छोटा प्रिंटर असेल तर आधीच विचारून घे. ५८ मिलिमीटरच्या थर्मल प्रिंटरमध्ये साधारणपणे देवनागरी फॉन्ट नसतो. मजकूर म्हणून पाठवलं तर प्रश्नचिन्हं किंवा सुटी अक्षरं छापली जातात. पावती चित्र म्हणून पाठवावी लागते, आणि त्या चित्राची रुंदी ३८४ ठिपके. तेवढ्यात सभासदाचं नाव, लिटर, फॅट, एसएनएफ (दुधातले फॅटशिवायचे घन पदार्थ), दर, रक्कम बसवायची, म्हणून दोन रकाने पुरे, तिसरा घातलास तर अक्षर वाचता येणार नाही.

आता शब्द. भाषांतर कुणाकडून करून घेताय ते बघ. "हीट नंबर"चं "उष्णता क्रमांक" केलेली स्क्रीन फाउंड्रीत कुणालाच कळणार नाही. शॉप फ्लोअरवर जो शब्द तोंडात आहे तोच स्क्रीनवर, मग तो इंग्रजीतून आलेला का असेना. फेटलिंग, कोअर, लॅडल तसंच ठेव. उलट "सबमिट" तसाच ठेवण्यात अर्थ नाही, "नोंद करा" जास्त नेमकं आहे. दिनांक नको, तारीख. वाक्य तुकड्यांतून जोडू नका असं डेव्हलपरना बजाव. इंग्रजीत "इन" आणि पुढे कुठलंही नाव चालतं. मराठीत प्रत्यय लागताना शब्दच बदलतो: संस्था, पण संस्थेत. क्रियापद लिंगाप्रमाणे बदलतं, आला, आली. त्यापेक्षा "संस्था: अमुक", "नोंद करणारे: तमुक" अशी मांडणी कर, व्याकरण आड येत नाही.

विद्यानगर_लायब्ररी

नोंदवही आणि पोर्टफोलिओबद्दल मी सांगते.

राष्ट्रीय क्रेडिट आराखड्यात १ क्रेडिट म्हणजे ३० तास आणि वर्षाचे १,२०० तास म्हणजे ४० क्रेडिट. आठवड्याला चार दिवस, रोज आठ तास धरले तर ३२ तास होतात, म्हणजे ३८ आठवड्यांत १,२०० तास भरतात. कागदावर हे आरामात बसतं. अडतं ते पुराव्यावर. "आज लॉगिन स्क्रीन केली" अशा दोनशे नोंदींतून परीक्षकाला काहीच मिळत नाही.

रोज लिहू नका, कंटाळून सुटतं. निर्णयाची नोंद ठेवा. प्रत्येक महत्त्वाच्या निर्णयाला अर्धं पान: अडचण काय होती, ती कशावरून कळली (सपोर्टची शीट, निरीक्षण, टेस्ट), कुठले दोन-तीन पर्याय होते, कुठला घेतला आणि का, कुणी मान्य केला, तारीख. नंतर एक ओळ मोकळी सोडा, परिणाम काय झाला ते लिहायला. आठवड्याला दोन नोंदी झाल्या तरी वर्षाला सत्तर-ऐंशी होतात, आणि अभ्यासक्रमाचे सगळे रकाने त्यांतून भरतात. गुरुवारी कंपनीतून निघण्याआधीचा अर्धा तास यासाठी राखून ठेवा, शनिवारपर्यंत पुसट होतं. साहेबांची सही दर महिन्याला घ्या. वर्षाअखेरीस एकदम सह्या घ्यायला गेलात आणि तोवर माणूस बदलला असेल, तर सगळंच अडून बसतं.

नाकारलेले पर्यायही फाइलमध्ये ठेवा. डेव्हलपरने "हे दोन आठवड्यांचं काम आहे" म्हणून खोडलेला पर्याय आणि त्यावर तुम्ही काढलेला दोन दिवसांचा मार्ग, हे नोंदवहीत सोन्यासारखं असतं.

मार्गदर्शक डिझायनर नाही ही खरी उणीव आहे, ती झाकू नका. कॉलेजला लेखी कळवा आणि महिन्यातून एकदा तासभर कुणीतरी बाहेरचा अनुभवी डिझायनर काम बघेल एवढं मागून घ्या. वापरसुलभतेच्या नील्सनच्या दहा तत्त्वांवरची ॲपची तपासणी एकट्याने केली तर बरंच सुटतं, तीन ते पाच जणांनी वेगवेगळी करून मग एकत्र जुळवायची असते. वर्गातल्या दोन मैत्रिणी आणि तुम्ही, तीन झाल्या. प्रत्येक दोषाला ० ते ४ तीव्रता द्या.

माणसांचे फोटो, आवाज, स्क्रीन रेकॉर्डिंग घेताना परवानगी मराठीत लेखी घ्या. वैयक्तिक डिजिटल माहितीचा कायदा २०२३ मध्ये आलाय, त्यात संमती स्पष्ट आणि विशिष्ट हेतूसाठी असावी लागते. कशासाठी, कुठे ठेवणार, कधी पुसणार, मागे घ्यायची असेल तर कुणाला सांगायचं, या चार ओळी मोठ्या अक्षरांत. सही येत नसेल तर वाचून दाखवून तोंडी संमती रेकॉर्ड करा. दूध संस्थेच्या स्क्रीनशॉटमध्ये सभासदांची नावं आणि रकमा असतात, ते व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरवू नका.

कंपनीचं काम कंपनीच्या फिग्मा खात्यातच करा. विद्यार्थ्यांना मिळणारं मोफत शैक्षणिक खातं शिकण्यासाठी आहे, ग्राहकाचं काम त्यात ठेवलंत तर उद्या फाइल कुणाची यावरून वाद.

पोर्टफोलिओची परवानगी शेवटी मागू नका, करारासोबतच एक ओळ लिहून घ्या: "ग्राहकाचं नाव, दर आणि आकडे वगळून कामाची पद्धत दाखवता येईल." मग स्क्रीन दुसऱ्या रंगात, बनावट आकड्यांनी पुन्हा काढायच्या. तीन प्रकल्प पुरेत. प्रत्येकात आधीची स्क्रीन, काय दिसलं, काय बदललं आणि न जमलेलं एक काम. रिजेक्शनच्या नोंदीला आधी किती मिनिटं लागत होती आणि नंतर किती, हे घड्याळ लावून मोजलेलं असेल तर तेवढ्या एका ओळीवर मुलाखत चालते.

पाटी_पेन्सिल

कराराचा मसुदा उद्या पुन्हा वाचते, प्रशिक्षण आराखडा आणि पोर्टफोलिओची ओळ घालून पाठवते. एकच राहिलं. दूध संस्थेच्या सचिवांकडे अर्धा तास मागायचा तर कुठल्या वेळी जाऊ? सकाळी गेले तर रांग, दुपारी बंद.

पडद्यामागचा

निरीक्षणाला सकाळच्या संकलनालाच जा, पण बोलायचं नाही, कोपऱ्यात उभं राहून बघायचं. टेस्टसाठी सकाळची रांग संपल्यावर जा. दूध गाडीत चढवून, कॅन आणि मशीन धुऊन झाल्यावर सचिव हिशोब मिळवत बसतात, तेव्हा अर्धा तास मिळतो. आदल्या दिवशी फोन करून ठेव. दहा दिवसांचं बिल निघायच्या दिवशी आणि त्याच्या आदल्या दिवशी जाऊ नको. प्रोटोटाइप मोबाइलमध्ये उतरवून ने, संस्थेत नेट मिळेलच असं नाही. आणि टेस्ट त्यांच्याच मोबाइलवर घे. तुझ्या नव्या मोबाइलवर जे झरझर चालतं ते त्यांच्या तीन वर्षं जुन्या, स्क्रीनगार्डला तडा गेलेल्या मोबाइलवर कसं चालतं, तेच बघायचंय.